संहिता सातव्या आठवड्यात

शाळेतलं नाटक बहुतेक ठिकाणी संहितेपासून सुरू होतं, आणि तिथेच त्याचा निम्मा उपयोग संपतो. शिक्षक एक छापील एकांकिका आणतात, स्पष्ट बोलणारी सहा-सात मुलं निवडतात, संवाद पाठ करायला देतात आणि कुणी कुठे उभं राहायचं ते सांगतात. प्रयोग ठीक होतो, टाळ्याही पडतात. पण वर्गातली उरलेली तीस मुलं प्रेक्षकांत बसलेली असतात, आणि जी रंगमंचावर होती त्यांनीही एकही निर्णय स्वतः घेतलेला नसतो. आम्ही शाळांमध्ये नाटक शिकवतो ते उलट्या क्रमाने. संहिता सातव्या आठवड्यात हातात येते आणि ती मुलांनीच घडवलेली असते. अकरा-बारा वर्षांच्या ३६ मुलांच्या वर्गाबरोबर बारा आठवड्यांचं सत्र कसं जातं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे लिहीत आहोत.

आधी वेळापत्रक. ४० मिनिटांच्या एका तासिकेत नाटक होत नाही. बाकं सरकवायला सहा-सात मिनिटं जातात, परत लावायला तेवढीच. मधल्या पंचवीस मिनिटांत अंग मोकळं होतं न होतं तोच घंटा वाजते. म्हणून आठवड्यातून एकदा ८० मिनिटांची जोडतासिका घ्यावी. बारा आठवड्यांचे १६ तास होतात. शेवटच्या दोन आठवड्यांत तीन जादा तालमी लागतात, त्या आधीच धरून ठेवाव्यात. हे आकडे सत्राच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना लेखी द्यावेत. ऐनवेळी जादा तासिका मागितल्या की इतर विषयांचे शिक्षक नाराज होतात, आणि त्यांची नाराजी रास्तच असते.

जागेचा हिशेब असा: मोकळेपणाने हलणाऱ्या एका मुलाला साधारण दोन चौरस मीटर जागा हवी, म्हणजे ३६ मुलांना ७२. नेहमीची वर्गखोली त्यापेक्षा लहान असते. सभागृह मिळालं तर उत्तम, नाहीतर अर्धा वर्ग करतो आणि अर्धा बघतो. बघणाऱ्यांना काम द्यायचं विसरू नये. ‘आत्ता कोण कुणाचं ऐकतंय आणि कोण फक्त आपली पाळी यायची वाट बघतंय, तेवढंच बघा,’ असं सांगितलं की वीस मिनिटं नजर हलत नाही. काम न दिलेला बघ्या दोन मिनिटांत शेजाऱ्याशी बोलू लागतो, आणि मग शिक्षक शिस्तीच्या मागे लागतात. मुलांनी अनवाणी राहावं किंवा पकड असलेले बूट घालावेत. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालू देऊ नयेत.

पहिल्या दिवशी अभिनय नसतो, थांबायचा सराव असतो. हलगी किंवा डफ वाजवायचा, एकच ठोका, आणि जो जिथे असेल तो तिथे स्थिर. सुरुवातीला सगळ्यांना थिजायला चार-पाच सेकंद लागतात. ते एका सेकंदावर येईपर्यंत पुढे जायचं नाही. हा वेळ वाया जात नाही. पुढे गोंगाट, धावपळ, भांडणाचा प्रवेश, काहीही चालू असलं तरी एका ठोक्यात खोली शांत होते, आणि हा भरवसा असला तरच शिक्षक मुलांना खरं स्वातंत्र्य देऊ शकतात. त्याच दिवशी दोन नियम ठरतात. विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि कुणीही ‘बाहेर’ म्हणालं की तो प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारलं जात नाही.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत खेळ असतात. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळांची पद्धत बांधली. आज जगभरच्या शाळांत जे खेळ चालतात त्यांतले कितीतरी त्या परंपरेतून आलेले आहेत. आमच्या वापरातला सगळ्यात कामाचा खेळ अगदी साधा आहे. गोलात उभं राहायचं आणि सगळ्यांनी मिळून एक ते वीस मोजायचं. एका वेळी एकानेच एक आकडा म्हणायचा, क्रम ठरवायचा नाही, खुणा करायच्या नाहीत. दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. ३६ जणांच्या गोलात हा खेळ लवकर फसतो आणि मुलं वैतागतात, म्हणून आधी दहाच्या गोलात खेळावा. चलाख मुलं गुपचूप क्रम लावून घेतात. ते लक्षात आलं तर रागवू नये, सगळ्यांना डोळे मिटायला सांगावं. या खेळात घाई करणारा, कधीच तोंड न उघडणारा आणि दुसऱ्यासाठी जागा सोडणारा, असे तिन्ही स्वभाव पहिल्या पाच मिनिटांत दिसतात. पुढे गट पाडताना ही नोंद उपयोगी पडते.

आरशाचा खेळ सगळ्यांना माहीत असतो, पण तो बहुतेक वेळा चुकीचा खेळला जातो. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक हालचाल करतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. पुढाकार घेणारा मुलगा समोरच्याला चकवायला झटकन हात फिरवतो आणि खेळाची चढाओढ होते. सूचना बदलली की खेळ बदलतो: ‘बाहेरून बघणाऱ्याला ओळखता आलं नाही पाहिजे, दोघांपैकी पुढाकार कुणाचा आहे.’ आता समोरच्याला आपल्याबरोबर ठेवणं हेच दोघांचं काम होतं. हालचाल आपोआप मंदावते आणि नजर समोरच्याच्या डोळ्यांवर स्थिरावते. अभिनयातलं ऐकणं हेच.

पालक आणि संस्थाचालक या टप्प्यावर विचारतात, की खेळून काय मिळतं? परीक्षेतले गुण वाढतील असं आश्वासन आम्ही देत नाही. टोरांटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचा केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलांचे चार गट होते: कीबोर्ड, गायन, नाटक आणि कोणताच वर्ग नसलेला. संगीत शिकल्याने बुद्ध्यांक वाढतो का, हे तपासायचं होतं आणि नाटक तुलनेसाठी ठेवलं होतं. बुद्ध्यांकात संगीताच्या गटांची वाढ थोडी जास्त निघाली. पण इतरांशी वागण्या-बोलण्यात ठळक सुधारणा दिसली ती नाटकाच्या गटात, संगीताच्या गटांत ती नव्हती. आम्हाला हा निष्कर्ष पटतो, कारण नाटकात दुसऱ्या माणसावाचून काहीच करता येत नाही. समोरचा काय म्हणाला ते कळल्याशिवाय आपलं वाक्य योग्य जागी पडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात गोष्ट येते. तीही पूर्ण नसते, फक्त एक परिस्थिती असते. उदाहरणादाखल एक घेऊ: एक गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे. एवढंच सांगायचं. पाच-सहाचे गट करायचे आणि प्रत्येक गटाने त्या गावातल्या एका क्षणाचं स्थिरचित्र, म्हणजे न हलता, न बोलता शरीरांनी केलेला देखावा, उभं करायचं. वेळ चार मिनिटं. मुदत कमी ठेवण्याचं कारण आहे. दहा मिनिटं दिली तर नऊ मिनिटं चर्चा होते, शरीर शेवटच्या मिनिटात हलतं आणि गटातल्या एकाच बोलक्या मुलाचं चित्र तयार होतं.

पहिली चित्रं हमखास बिघडतात आणि सगळीकडे सारखीच बिघडतात. सगळे एका ओळीत, सारख्याच उंचीवर, तोंड प्रेक्षकांकडे. कारण फोटोला उभं राहायची सवय. इथे भाषण देऊ नये, दोन अटी घालाव्यात. चित्रात तीन उंची हव्यात, म्हणजे कुणी जमिनीवर, कुणी वाकलेलं, कुणी उभं. आणि प्रेक्षकांकडे बघणारी माणसं जास्तीत जास्त दोन. एवढ्याने चित्रात नाती दिसू लागतात. मग शिक्षक चित्रात शिरून एकेकाच्या जवळ जाऊन थांबतात. ज्याच्याजवळ ते थांबतील त्याने त्या पात्राच्या मनातलं एक वाक्य बोलायचं. आधी ‘मला खूप वाईट वाटतंय’ अशी वाक्यं येतात. भावनेचं नाव घ्यायचं नाही अशी अट घातली की ‘गोठ्याची कडी काढून ठेवली का?’ असं वाक्य येतं. संहितेचा पहिला कच्चा माल हा असतो. प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून घ्यावं.

चौथ्या आठवड्यात शिक्षकांनी स्वतः भूमिका घ्यायची. इंग्लंडमधल्या डोरोथी हीथकोट यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत वर्गात रुजवली. शिक्षकांना तिची सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त फळ तीच देते. ‘मी आता डोक्यावर टोपी घालणार आहे. टोपी असेपर्यंत मी तुमचा शिक्षक नाही, मोजणीला आलेला माणूस आहे. टोपी काढली की मी परत मी,’ असं स्पष्ट सांगूनच सुरुवात करायची. मुलांना फसवून एकदम पात्र होऊन येणं चुकीचं आहे. काही मुलं खरंच घाबरतात, आणि गेलेला विश्वास सत्रभर परत येत नाही.

पात्र कोणतं घ्यायचं, यात पद्धतीचं मर्म आहे. नवखे शिक्षक मोठा साहेब होतात, कारण अधिकाराची सवय असते. साहेब आदेश देतो, मुलं गप्प बसतात, वर्ग पुन्हा वर्गच होतो. त्यापेक्षा कमी अधिकाराचं, अर्धवट माहिती असलेलं पात्र घ्यावं. ‘मला फक्त घरं मोजायला पाठवलंय. पाणी कधी येणार ते मला सांगितलेलं नाही. इथे एखादी पाटी असेल असं वाटलं होतं, तुम्हाला कुणी काहीच कळवलं नाही का?’ असा माणूस समोर उभा राहिला की माहिती मुलांकडे येते. गावात किती घरं, विहीर कुठे, कोण आजारी आहे, सगळं ती तिथल्या तिथे घडवतात आणि एकमेकांचं ऐकून त्यात भर घालतात. एरवी तोंड न उघडणारी मुलं इथे बोलतात, कारण समोरच्याला खरोखर माहीत नसलेलं काहीतरी त्यांना माहीत असतं. वर्गात ही स्थिती फार दुर्मीळ आहे. शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर एरवी शिक्षकांकडे आधीच असतं.

दहा-बारा मिनिटांनंतर टोपी काढायची आणि काय घडलं यावर बोलायचं. विषय घर सुटण्याचा असल्यामुळे वर्गशिक्षकांशी आधीच बोलून घ्यावं. कुणाच्या घरी अलीकडेच मृत्यू, स्थलांतर किंवा वेगळं होणं घडलं असेल तर परिस्थिती बदलावी. प्रत्येक तासिकेच्या शेवटी भूमिकेतून बाहेर पडायचं: भूमिकेची वस्तू खाली ठेवायची, हातपाय झटकायचे, स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायचं. हे टाळलं की भांडणाच्या प्रवेशातला राग मधल्या सुट्टीत मैदानावर पोचतो.

पाचव्या आठवड्यात एकेका पात्राला खुर्चीवर बसवून बाकीचे प्रश्न विचारतात, प्रत्येकाला पाच मिनिटं. प्रश्न ‘का’ने सुरू झाले की उत्तरं भाषणं होतात. वस्तूंबद्दल विचारायला शिकवावं. घराची किल्ली कुणाकडे असते? ट्रंकेत तळाशी काय आहे? शेवटचं पत्र कुणाचं आलं? उत्तर देताना मुलाला क्षणभर थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात पात्र तयार होत असतं. ‘आम्ही हे ठरवलेलं नाही’ असं म्हणायची मुभा नाही. ठरवायचं तिथेच, आणि एकदा ठरवलं की ते सगळ्यांना बंधनकारक.

त्याच्यापुढे उत्स्फूर्त प्रवेश, दोन मिनिटांचे. बहुतेक सगळे आरडाओरडा आणि ढकलाढकलीवर संपतात, कारण नाटक म्हणजे भांडण असं मुलांना वाटतं. तीन गोष्टी आधी ठरल्याच पाहिजेत: कोण, कुठे, आणि प्रत्येकाला समोरच्याकडून नेमकं काय हवं आहे. तिसरी गोष्ट प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी देऊन सांगावी. आजीला नातवाने सामान बांधायला मदत करायला हवी आहे आणि नातवाला आजीची सही हवी आहे, अशा दोन चिठ्ठ्या पुरतात. शिवाय आवाज चढवायचा नाही ही अट. मग मुलांना दुसरे मार्ग शोधावे लागतात: विनवणी, लाच, गप्प बसणं, विषय बदलणं. एखादा मुलगा हशा मिळवण्याच्या मागे लागतो. त्याला दटावण्यापेक्षा पुढच्या प्रवेशात अशी भूमिका द्यावी, जिला एखादी बातमी लपवायची आहे. विनोदाची जाण असलेल्या मुलाला वेळ साधता येते, त्यामुळे ही भूमिका तो उत्तम करतो.

सहाव्या आठवड्यात ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमधली एक युक्ती वापरतो. कोंडी झालेला प्रवेश पुन्हा करायचा. बघणाऱ्यांपैकी ज्याला वाटेल की इथे वेगळं वागता आलं असतं, त्याने ‘थांबा’ म्हणायचं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्या पात्राच्या जागी जायचं आणि करून दाखवायचं. अन्याय करणाऱ्याला बदलायचं नाही. तो एकाएकी चांगला झाला तर प्रश्नच उरत नाही. एकाच प्रवेशाची चार रूपं पाहिल्यावर वर्ग मिळून ठरवतो की नाटकात कोणतं ठेवायचं. या चर्चेत आम्ही हात वर करून मतदान घेत नाही, कारण मुलं मित्राला मत देतात. प्रत्येकाने आपण न केलेल्या एका रूपाची बाजू मांडायची असते.

आता संहिता. रंगमंचावर हालचालींसह मराठी संवाद मिनिटाला साधारण ९० शब्दांच्या वेगाने जातो, असा हिशेब आम्ही धरतो. वीस मिनिटांच्या नाटकाला १८०० शब्द, सहा प्रवेश असतील तर प्रत्येकी ३००. दर प्रवेशाला दोन लेखनिक नेमावेत आणि उत्स्फूर्त प्रवेशाचा फक्त आवाज मुद्रित करून त्यांना ऐकवावा. पहिला खर्डा दुप्पट लांब येतो. काटछाटीचा निकष एकच ठेवावा: जे शरीराने दिसतं ते शब्दांत ठेवायचं नाही. मूल दाराकडे निघालेलं दिसत असताना ‘मी आता जातो’ हे वाक्य नको. पानाचा उजवा एक तृतीयांश भाग कोरा सोडावा. हालचाली तिथे येतात, पेन्सिलने, कारण त्या बदलतात.

पात्रनिवडीत सभा-समारंभात निवेदन करणारं मूल आपोआप नायक होतं. हे टाळायचा आमचा मार्ग म्हणजे मुख्य पात्र प्रवेशागणिक वेगळ्या मुलाने करायचं. खांद्यावरची एकच घोंगडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रेक्षकांना पहिल्या बदलातच ते कळतं. यामुळे सहा मुलांना मोठी भूमिका मिळते, पाठांतराचा भार वाटला जातो आणि कुणी आजारी पडलं तरी नाटक अडत नाही. समूह सतत रंगमंचावर ठेवावा. तोच पाणी होतो, गर्दी होतो, वारा होतो. समूहातल्या प्रत्येकाला किमान एक स्वतंत्र निर्णय हवा: कोणत्या शब्दाला वळायचं, कुणाच्या मागे जायचं. अडखळत बोलणाऱ्या मुलांना समूहाने एकत्र म्हणायच्या ओळींत बोलणं पुष्कळदा सोपं जातं, ती वाट त्यांना खुली ठेवावी. मात्र तोतरेपणा जाईल असं त्यांच्या पालकांना सांगू नये. ज्याला रंगमंचावर यायचंच नाही त्याच्यासाठी प्रकाश, ध्वनी, प्रॉम्प्टिंग (विसरलेलं वाक्य आडून सुचवणं) आणि व्यवस्थापन ही खरी कामं आहेत, नाटकाच्या यादीत त्याचंही नाव येतं.

आठव्या ते दहाव्या आठवड्यात तालमी. आधी हालचाली बसवाव्यात, मग पाठांतर. घरी बसून पाठ केलेलं वाक्य एका ठरावीक चालीत बसतं आणि नंतर ती चाल निघता निघत नाही. हालचालीबरोबर पाठ झालेलं वाक्य जागेला चिकटतं. त्या जागी पोचलं की ते आठवतं. दिग्दर्शकाने वाक्य म्हणून दाखवू नये, हा नियम पाळायला फार कठीण आहे, विशेषतः प्रयोग जवळ आल्यावर. पण एकदा म्हणून दाखवलं की मूल सूर उचलतं आणि अर्थ सोडून देतं. ‘रागाने बोल’ हेही सांगू नये. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांनी नटाला विचारायला लावलेला प्रश्न मुलांनाही चालतो: मी या जागी असतो तर काय केलं असतं? त्याला जोडून कृती द्यावी: ‘त्याला दार लावू देऊ नकोस.’ राग आपोआप येतो, आणि प्रत्येक मुलाचा वेगळा येतो.

ऐकू येण्याबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण शाळेतली नाटकं सर्वात जास्त इथे पडतात. ‘मोठ्याने बोल’ म्हटलं की मूल किंचाळतं, घसा बसतो, आणि तरीही मागच्या रांगेला अर्थ लागत नाही. दोष बहुतेकदा वाक्याच्या शेवटात असतो. मुलांचा श्वास वाक्याच्या शेवटी संपतो, आवाज खाली पडतो, आणि मराठीत तर क्रियापद आणि नकार तिथेच असतात. ‘मी हे घर सोडून जाणार नाही’मधला ‘नाही’ गळाला की नाटकाचा अर्थ उलटा होतो. उपाय म्हणजे श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण संहितेत करणं आणि शेवटच्या शब्दावर एक पाऊल पुढे टाकत वाक्य म्हणण्याचा सराव. दुसरा सराव जोडीने: तीन मीटरवर उभं राहून वाक्य म्हणायचं, मग सहा, मग नऊ. आवाजाची पट्टी वाढवायची नाही, फक्त व्यंजनं जास्त स्पष्ट करायची. समोरच्याने ऐकलेलं वाक्य परत म्हणून दाखवायचं, म्हणजे फसवणूक होत नाही. उभे माइक शक्यतो लावू नयेत. मुलं माइकपाशी ओळीने येऊन उभी राहतात आणि तीन आठवड्यांच्या हालचाली पाच मिनिटांत पुसल्या जातात.

प्रॉम्प्टरला शिकवावं लागतं. शांतता पडली की मनात तीन मोजायचे, कारण ती शांतता नाटकातलीही असू शकते, आणि मग वाक्याचे फक्त पहिले दोन शब्द द्यायचे. दहाव्या आठवड्यात मुद्दाम एक तालीम अशी घ्यावी की ठरावीक मुलं गुपचूप एखादं वाक्य गाळतील आणि बाकीच्यांनी ते सावरायचं. प्रयोगाची भीती यानंतर जितकी कमी होते तितकी धीर देणाऱ्या बोलण्याने होत नाही.

नेपथ्याला १२ मिलिमीटर प्लायवूडचे सहा-आठ खोके पुरतात. ४५ सेंटिमीटर घनाचा खोका बसायला, चढायला, भिंत रचायला चालतो. दोन बाजूंना हात घालायला खाच, कडा घासून गोल केलेल्या, आणि वापरण्यापूर्वी मोठ्या माणसाने वर उभं राहून केलेली परीक्षा. खोक्यावर खोका ठेवून त्यावर मुलाला उभं करू नये. चढायच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावावी. कंदील बॅटरीचाच, रंगमंचावर उघडी ज्योत नको. वेशभूषा म्हणजे एकरंगी साधे कपडे आणि पात्रागणिक एक वस्तू. शाळेच्या सभागृहात प्रेक्षक इतके जवळ असतात की रंगभूषा नसली तरी चालते. करायचीच असेल तर आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहावी.

प्रकाशाचं शास्त्र स्टॅन्ली मॅककॅन्डलेस यांनी येल विद्यापीठात शिकवलं ते आजही पायाभूत आहे: चेहऱ्यावर दोन बाजूंनी, साधारण ४५ अंशांच्या कोनातून, वरून प्रकाश टाकायचा, एक किंचित उबदार, एक किंचित थंड. दिवे नसतील तर दिवसा प्रयोग करावा आणि खिडक्या प्रेक्षकांच्या पाठीमागे येतील अशी मांडणी करावी. उलट केलं तर मुलांचे चेहरे काळवंडतात. पूर्ण अंधार टाळावा. डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत मुलं खोक्यांना अडखळतात. आवाज मुलांनीच काढावेत: वाळू भरलेला डबा, पत्रा, हलगी, पाण्याची बादली.

अकराव्या आठवड्यात तांत्रिक तालीम. प्रकाश आणि ध्वनीच्या प्रत्येक बदलाला क्रमांक, आणि एका बदलापासून दुसऱ्यावर उडी मारत जायचं. वीस मिनिटांच्या नाटकाला तास-सव्वा तास लागतोच. सगळ्या वर्गाला त्यासाठी बसवून ठेवलं की मुलं कंटाळतात आणि पुढची तालीम मरगळते, म्हणून प्रवेशानुसार गट बोलवावेत. त्यानंतर रंगीत तालीम, काहीही झालं तरी न थांबवता, समोर खालच्या इयत्तेचा एक वर्ग बसवून. दिग्दर्शकाने मागच्या रांगेत बसून फक्त लिहायचं.

प्रयोग दोन हवेत. पहिल्यात मुलांचं सगळं लक्ष आपण चुकत तर नाही ना यात असतं. दुसऱ्यात ती एकमेकांकडे बघतात. पालकांना दुसऱ्याला बोलवावं. बक्षिसं, उत्कृष्ट अभिनेता वगैरे काही ठेवू नये. नाहीतर बारा आठवडे एकत्र घडवलेलं काम एका संध्याकाळी सहा आणि तीस असं पुन्हा वाटलं जातं.

मूल्यमापन अभिनयाचं करत नाही. दर तासिकेला फक्त सहा मुलांकडे बारकाईने पाहायचं, म्हणजे सहा आठवड्यांत ३६ जणांची एक फेरी होते आणि सत्रात दोन. नोंद पाच गोष्टींची: ऐकतो का, सुचवतो का, दुसऱ्याचं सुचवणं घेतो का, स्वतःचं सुचवलेलं सोडून देऊ शकतो का, आणि अडचणीत असलेल्याला सावरतो का. चौथ्या रकान्यात बदल सगळ्यात उशिरा दिसतो, आणि वर्गातल्या हुशार मुलांच्या बाबतीत तो सगळ्यात जास्त लक्ष देऊन पाहावा.

प्रयोगानंतरच्या आठवड्यातच शेवटची बैठक घ्यावी, उशीर झाला की मुलं फक्त टाळ्यांबद्दल बोलतात. चुका कुणाच्या झाल्या हे विचारू नये. कोणत्या क्षणी दुसऱ्याने तुला वाचवलं, आणि नाटकातला कोणता निर्णय आता बदलावासा वाटतो, हे दोन प्रश्न लेखी द्यावेत. मग फाइल बंद करताना त्यात पाच गोष्टी ठेवाव्यात: हालचालींसह संहितेची एक प्रत, बदलांची क्रमवार यादी, खोक्यांची मापं, निरीक्षणाचे दोन्ही तक्ते आणि मुलांची ही लेखी उत्तरं. निरीक्षणाचे तक्ते फक्त पुढच्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यायचे. बाकीची फाइल पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्या आठवड्यात दाखवायची, संहिता सोडून. ती त्यांना त्यांची स्वतःची तयार झाल्यावर वाचायला मिळते.